सोव्हिएत युद्धकथा पहिल्यांदाच वाचताय? कुठून सुरुवात करायची आणि कुठे पाय घसरतो

माझी सुरुवात चुकली होती. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी शंभर रुपयांत उचलली, स्टालिनग्राडवरची. पहिल्या साठ पानांत चाळीसेक माणसं भेटली, प्रत्येकाला तीन-तीन नावं, आणि कोण कुणाचं काय लागतं याचा पत्ता नाही. पुस्तक माळ्यावर गेलं. दोन वर्षांनी काढलं, पुन्हा माळ्यावर गेलं. तिसऱ्या खेपेला आमच्या वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही शेवटून का सुरू करताय?" आणि त्यांनी शंभरेक पानांचं एक पातळ पुस्तक हातात ठेवलं. ते एका बैठकीत संपलं आणि पुढची सहा वर्षं मी याच वाटेला लागलो.

या वाटेवर जे धक्के खाल्ले, ते तुम्हाला बसू नयेत म्हणून हे लिहितोय. रशियन येत नसली तरी चालेल. मलाही येत नाही. शब्दकोशात बघून दहा-पंधरा शब्द कळतात, तेवढंच.

हाताशी काय ठेवाल

- एक वही. पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर भागत नाही.
- नकाशा, मोबाइलमधला चालेल. स्टालिनग्राड शोधाल तर १९६१ पासून त्याचं नाव वोल्गोग्राद आहे आणि लेनिनग्राड १९९१ पासून पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालंय, एवढं लक्षात असू द्या.
- पाच तारखा, वहीच्या पहिल्या पानावर. २२ जून १९४१, जर्मनीचा हल्ला. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, लेनिनग्राडचा वेढा. २८ जुलै १९४२, 'एक पाऊलही मागे नाही' हा स्टालिनचा २२७ क्रमांकाचा हुकूम. २ फेब्रुवारी १९४३, स्टालिनग्राडची लढाई संपली. ९ मे १९४५, विजय.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा. थट्टा नाही, चौथ्या पायरीवर लागेल.

१. आधी पातळ पुस्तक घ्या

रशियनमध्ये 'पोवेस्त' नावाचा एक प्रकार आहे. कथेपेक्षा मोठा, कादंबरीपेक्षा लहान. आपल्याला दीर्घकथा माहीत असल्यामुळे हे वेगळं समजवावं लागत नाही. या युद्धावरचं सगळ्यात कसदार लेखन याच प्रकारात आहे. लिहिणारे बरेचसे स्वतः आघाडीवर लेफ्टनंट किंवा साधे शिपाई होते. त्यांनी लिहिलं ते आपल्या खंदकापुरतं, आपल्या तुकडीपुरतं. सेनापतींच्या टेबलावरचा नकाशा तिथे दिसत नाही. दिसते ती समोरची शंभर पावलं जमीन.

मी सांगेन तो क्रम असा: आधी शोलोखोवची 'माणसाचं नशीब', मग वासिल्येवची 'इथल्या पहाटा शांत असतात', मग कोंद्रात्येवची 'साश्का', मग बीकोवची 'सोत्निकोव'. चारही मिळून एका जाड कादंबरीएवढी पानं होतात. महिनाभर पुरतात.

'साश्का'ची सुरुवातच बघा. र्झेव शहराजवळची आघाडी आहे. साश्का जीव धोक्यात घालून एका मेलेल्या जर्मनाच्या पायातले लोकरी बूट काढायला रांगत जातो. स्वतःसाठी तो गेला नसता. पण त्याच्या कंपनी कमांडरचे बूट भिजून वाळतच नाहीत, म्हणून तो जातो. पहिल्या चार पानांत युद्ध, हवामान, पुरवठ्याचा बोजवारा आणि साश्काचा स्वभाव, चारही गोष्टी एका बुटांच्या जोडीतून कळतात. पुढे त्याला एका जर्मन कैद्याला गोळी घालायचा हुकूम मिळतो. तिथून पुढे तुम्ही वाचा.

'पहाटा'मध्ये वास्कोव नावाचा बत्तीस वर्षांचा स्तार्शिना, म्हणजे आपल्याकडच्या हवालदार-मेजरच्या आसपासचा माणूस, आणि विमानविरोधी तोफांवरच्या पाच मुली आहेत. मे १९४२, कारेलियाचं जंगल आणि दलदल. दोन जर्मन दिसले म्हणून हे सहा जण निघतात, आणि जर्मन निघतात सोळा. दलदल ओलांडताना एका मुलीचा बूट चिखलात जातो. वास्कोव तिच्या पायाला झाडाच्या डहाळ्या बांधून एक तात्पुरतं पायताण करून देतो. पुस्तक मिटल्यावर गोळीबार विसरायला होतो, हे पायताण विसरत नाही.

२. प्रत्येक पुस्तकाची दोन सालं लिहा

सगळ्यांत कामाची पायरी हीच, आणि नवे वाचक हीच गाळतात. पुस्तक हातात आलं की वहीत दोन सालं लिहायची: गोष्ट कुठल्या सालातली आहे आणि ती पहिल्यांदा छापली कधी. १९४२ ची गोष्ट १९४६ साली वेगळी सांगता येत होती, १९५१ साली वेगळी, १९७० साली वेगळी. काय सांगायला परवानगी होती ते दुसरं साल सांगतं.

'माणसाचं नशीब' घ्या. ती 'प्रावदा' या दैनिकात ३१ डिसेंबर १९५६ आणि १ जानेवारी १९५७ अशी दोन दिवसांत आली. नायक आंद्रेई सोकोलोव हा ट्रकचालक, जर्मनांच्या हाती पडलेला युद्धकैदी. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण ऑगस्ट १९४१ च्या २७० क्रमांकाच्या हुकमाने शरण जाणं म्हणजे गद्दारी ठरवलं होतं. सुटून घरी आलेल्या कैद्यांकडे वर्षानुवर्षं संशयाने बघितलं गेलं, कित्येकांना पुन्हा छावण्या भोगाव्या लागल्या. असा माणूस देशातल्या सगळ्यात मोठ्या दैनिकाच्या पानावर नायक म्हणून यायला स्टालिन जाऊन तीन वर्षं उलटावी लागली. आणि हेही बघा की परत आल्यावर सोकोलोवची कुणी चौकशी केली, असा एकही प्रसंग कथेत नाही. १९५६ साली दार किती उघडलं होतं, ते न लिहिलेल्या पानांवरून कळतं.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, कारण साल एकच आहे. १९४६. व्हिक्टर नेक्रासोवची 'स्टालिनग्राडच्या खंदकांत' त्या वर्षी मासिकात आली. तीत स्टालिनचा जयजयकार जवळजवळ नाही, एक अधिकारी वेडगळ हुकूम देऊन माणसं मारवतो तेही आहे. तरी पुढच्या वर्षी तिला स्टालिन पारितोषिक मिळालं. त्याच १९४६ च्या अखेरीस आंद्रेई प्लातोनोवची 'परतणं' ही कथा छापून आली, आणि समीक्षक तिच्यावर तुटून पडले. सोव्हिएत सैनिक घरी येऊन बायकोशी असा वागूच कसा शकतो, म्हणून. त्यानंतर प्लातोनोवला छापणं जवळपास बंद झालं. का एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला शिक्षा? दोन्ही वाचा, मग भांडू.

आणखी एक आकडा वहीत ठेवा. १९४८ पासून १९६४ पर्यंत ९ मे हा विजयदिन सुट्टीचाही दिवस नव्हता. १९६५ साली सुट्टी परत आली. आज जे भव्य संचलन आपण टीव्हीवर बघतो, ते मनात ठेवून पन्नाशीच्या दशकातली पुस्तकं वाचलीत तर काहीच्या काही अर्थ लागतील.

*इथला सापळा:* एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या. फादेयेवची 'यंग गार्ड' १९४५ साली आली. कम्युनिस्ट पक्षाचं काम पुरेसं दिसत नाही अशी टीका झाली म्हणून त्याने ती पुन्हा लिहिली, नवी आवृत्ती १९५१ ची. तुमच्या हातात कुठली आहे ते बघा. अनातोली कुझ्नेत्सोवच्या 'बाबी यार'चं तर आणखी अवघड. १९६६ साली ती कापून छापली. लेखक १९६९ साली इंग्लंडला गेला आणि तिथे १९७० साली पूर्ण पुस्तक निघालं, त्यात आधी कापलेला मजकूर वेगळ्या ठशात आहे. मिळाली तर तीच घ्या. सेन्सॉरची कात्री कुठून कशी फिरली ते पानावर उघडं दिसतं. कधीकधी अख्खा परिच्छेद गेलाय, कधीकधी नुसतं एक विशेषण.

३. नावांचं कोडं सोडवा, ते आपल्याला सोपं आहे

इंग्रज वाचक रशियन नावांना घाबरतो. आपण घाबरायचं कारण नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हीच आपली शाळेच्या दाखल्यावरची पद्धत. फेदोत येवग्राफोविच वास्कोव म्हणजे येवग्राफचा मुलगा फेदोत, आडनाव वास्कोव. मुलग्याला -ओविच किंवा -येविच, मुलीला -ओव्ना किंवा -येव्ना. आडनावही बाईचं असेल तर शेवटी आकारान्त होतं.

घोळ होतो तो लाडाच्या नावांत. अलेक्सांद्रचा साशा, साश्का, शुरा. येवगेनियाची झेन्या. व्लादिमीरचा व्होलोद्या. मारियाची माशा किंवा मारुस्या. इवानचा वान्या. वहीचं एक पान उभं दुभागा: डावीकडे पूर्ण नाव, उजवीकडे जी जी रूपं भेटतील ती. दोन पुस्तकांनंतर या पानाची गरज राहत नाही.

आणि एक फायदा, जो इंग्रजीत वाचणाऱ्याला कधीच मिळत नाही. रशियनमध्ये 'ती' आणि 'वी' आहेत, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे. अधिकारी शिपायाला कधी तू म्हणतो, दोन अनोळखी माणसं एका रात्रीत तुम्हीवरून तूवर कधी येतात, यात पुष्कळ काही घडत असतं. इंग्रजीत सगळं 'यू'च्या पोटात जातं. म्हणून मराठी किंवा हिंदी अनुवाद मिळाला तर तो आधी घ्या, भाषा थोडी अवघडलेली वाटली तरी.

४. वस्तू ओळखा

या लेखकांना तत्त्वज्ञान सांगायला फारसं आवडत नाही. ते वस्तू दाखवतात. वस्तू कळली नाही तर प्रसंग हातातून निसटतो. टीपा देणारे अनुवाद थोडेच, म्हणून माझ्या वहीतली ही यादी.

*पोर्त्यान्की.* सोव्हिएत सैनिक मोजे वापरत नव्हता, पायाला फडकं गुंडाळून वर बूट. फडकं साधारण ३५ बाय ९० सेंटिमीटरचं. मी जुन्या पंचाचा तेवढा तुकडा कापून गुंडाळून बघितला. घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या तर टाचेखाली चुणी आली आणि बोचायला लागली. पुस्तकात म्हातारा शिपाई नव्या पोराला आधी फडकं गुंडाळायला शिकवतो आणि मग बंदूक देतो, ते का, हे त्या चुणीने कळलं.

*वालेन्की.* घोंगडीसारख्या दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे गुडघ्यापर्यंतचे बूट. उणे तीसमध्ये याच्याइतकं काही नाही, पण बर्फ वितळायला लागला की पाणी पितात. म्हणजे कथेत मार्च-एप्रिल आला आणि माणसाच्या पायात वालेन्की असतील, तर तो अडचणीत आहे.

*झेम्ल्यान्का.* जमिनीत खोदलेली खोली, वर ओंडके आणि माती. किती ओंडक्यांचे थर आहेत हे लेखक मुद्दाम सांगतो, कारण कुठला गोळा पेलेल ते थरांवर ठरतं.

*माखोर्का.* जाडीभरडी तंबाखू, वर्तमानपत्राच्या कपट्यात वळून ओढायची. वर्तमानपत्र आधी वाचायचं की आधी ओढायचं, हा आघाडीवरचा खरा वाद.

*शंभर ग्रॅम.* व्होडका ग्रॅममध्ये मोजतात. सप्टेंबर १९४१ पासून आघाडीवरच्या सैनिकाला रोजचे शंभर ग्रॅम सरकारी वाट्याचे असत. वाटपाआधीच तुकडीतली माणसं पडली तर शंभर ग्रॅमचा हिशेब चुकतो, आणि त्या उरलेल्या व्होडकेचं काय करायचं हा प्रसंग तुम्हाला वाचताना भेटेल.

*त्रिकोणी पत्र.* पाकीट नाही, तिकीट नाही. कागदाची त्रिकोणी घडी घालून वर पत्ता. चिकटवलेलं नसतं, कारण सेन्सॉरला उघडायचं असतं. मृत्यूची बातमी मात्र छापील सरकारी कागदावर येते, तिला लोक पोखोरोन्का म्हणत. गावात टपालवाली बाई दिसली की बायका तिच्या हातातल्या कागदाचा आकार आधी बघतात.

*कॉलरवरचे चौकोन.* १९४१-४२ च्या गोष्टीत अधिकाऱ्याचा हुद्दा कॉलरवरच्या चौकोनांनी आणि पट्ट्यांनी कळतो. खांद्यावरच्या पट्ट्या जानेवारी १९४३ मध्ये आल्या. तसंच कमिसार, म्हणजे पक्षाचा राजकीय अधिकारी, लष्करी अधिकाऱ्याच्या बरोबरीने सही करत असेल तर गोष्ट ऑक्टोबर १९४२ च्या आधीची. तारीख दिलेली नसली तरी असा माग काढता येतो.

आणि आता वजनकाटा. लेनिनग्राडच्या वेढ्यात २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात मुलं, म्हातारे आणि कचेरीतली माणसं यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. कामगाराला २५०. हा आकडा प्रत्येक पुस्तकात येतो आणि आपण तो वाचून पुढे जातो. तसं करू नका. मी साधा सँडविच ब्रेड काट्यावर ठेवला, जेमतेम साडेचार चकत्या भरल्या. पण वेढ्यातला पाव असा फुललेला नव्हता. त्यात सरकीची पेंड होती, लाकडाच्या लगद्यापासून काढलेला भुसा होता, आणि पाणी धरून तो जड झालेला. म्हणजे १२५ ग्रॅमचा तुकडा माझ्या चकत्यांपेक्षा पुष्कळ लहान. पेंड म्हटल्यावर मला आजोळचा गोठा आठवला, आणि मी काटा कपाटात ठेवून दिला.

सोकोलोवच्या कथेतही पाव आहे. छावणीच्या जर्मन प्रमुखाकडून त्याला एक पाव आणि चरबीचा तुकडा मिळतो. तो बराकीत आणतो, आणि कैदी ते दोन्ही जाड दोऱ्याने कापून सारखे वाटतात. प्रत्येकाच्या वाट्याला पाव येतो काडेपेटीएवढा.

५. नकाशा उघडून बसा, आणि सगळ्यांना रशियन म्हणू नका

आपल्या तोंडात 'रशियन पुस्तकं' बसलंय. पण वासिल बीकोव बेलारूसी, बेलारूसी भाषेत लिहिणारा. आयत्मातोव किर्गिझ. ग्रोसमन युक्रेनमधल्या बेर्दिचेवचा ज्यू. हा तपशील सोडला तर पुस्तक अर्धवट कळतं. बेलारूस तीन वर्षं जर्मनांच्या ताब्यात होता, म्हणून बीकोवच्या अनेक गोष्टींत आघाडीच नसते. असते ती एक झोपडी, आणि दारावर थाप पडली तर ते गनिमी सैनिक आहेत की जर्मनांचे स्थानिक पोलीस हे न कळणारी घरधनीण. दोघांनाही खायला हवंच असतं.

'सोत्निकोव' १९७० ची. हिवाळ्यात दोन गनिमी सैनिक टोळीसाठी अन्न आणायला निघतात. सोत्निकोवला ताप आणि खोकला, डोक्यावर हिवाळी टोपी नाही. सोबतचा रिबाक धट्टाकट्टा, व्यवहारी, मनानेही बरा. तो स्वतःजवळचा टॉवेल सोत्निकोवच्या गळ्याला गुंडाळून देतो. तुम्हाला रिबाकच आवडू लागेल. आवडू द्या. बीकोवने ते मुद्दाम केलंय.

*इथला सापळा, आणि यात मी स्वतः पडलोय:* खातीन आणि कातीन. नावं सारखी, घटना वेगळ्या. खातीन हे बेलारूसमधलं खेडं, २२ मार्च १९४३ रोजी नाझी सैन्याने आणि त्यांच्या हाताखालच्या सहाय्यक पोलीस पलटणीने १४९ माणसांसकट जाळलं. कातीन हे रशियात स्मोलेन्स्कजवळचं रान, तिथे १९४० साली सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. मी एका वाचनगटात अलेस आदामोविचच्या 'खातीनची गोष्ट'वर बोलताना दोन्ही एकत्र करून टाकली, आणि एका निवृत्त इतिहासाच्या सरांनी सगळ्यांसमोर नकाशा मागितला.

६. खंदकातून घराकडे वळा

चार पातळ पुस्तकं झाली की सैनिक जरा बाजूला ठेवा. सुमारे २ कोटी ७० लाख सोव्हिएत माणसं या युद्धात गेली, त्यांत निम्म्याहून जास्त नागरिक. त्यांच्यावरचं लेखन मला खंदकातल्या लेखनापेक्षा जड वाटतं.

फ्योदोर अब्रामोवच्या 'भाऊ आणि बहिणी' या १९५८ च्या कादंबरीत उत्तरेकडचं पेकाशिनो नावाचं खेडं आहे. पुरुष आघाडीवर, शेत बायका आणि पोरं ओढतायत. मीश्का प्र्यास्लिन चौदा वर्षांचा, बाप गेल्यावर घराचा कर्ता. आयत्मातोवच्या 'जमीला'त किर्गिझ खेड्यातल्या बाया धान्याची पोती गाडीतून स्टेशनावर नेतात. ही प्रेमकथा म्हणून प्रसिद्ध आहे, पण पाठीवर जड पोतं घेऊन फळीवरून चढणारा लंगडा दानियार विसरून ती वाचता येत नाही.

वालेन्तिन रास्पुतिनची 'जग आणि आठवण ठेव' १९७४ ची. सैबेरियातली अंगारा नदी, १९४५ चा हिवाळा. घराच्या न्हाणीघरातली कुऱ्हाड नाहीशी होते. ती लाकडी जमिनीच्या फळीखाली लपवलेली होती आणि ती जागा घरच्याच माणसाला माहीत. नास्त्योनाच्या लक्षात येतं की नवरा सैन्यातून पळून आलाय. या पुस्तकाचा शेवट कुणालाही विचारू नका.

आणि प्लातोनोवची 'परतणं'. ही जेमतेम तीस पानांची आहे. कॅप्टन इवानोव युद्ध संपल्यावर घरी येतो तर अकरा-बारा वर्षांचा मुलगा पेत्रुश्का चुलीपुढे बसून बहिणीला बटाट्याची सालं जाड काढू नकोस म्हणून दटावत असतो. बापापेक्षा पोरगाच म्हातारा झालाय. धाकटी नास्त्या आपल्या वाटणीच्या पदार्थातला तुकडा सेम्योनकाकांसाठी राखून ठेवते, आणि इवानोव विचारतो, कोण सेम्योनकाका? शेवटच्या पानावर धावताना पेत्रुश्काच्या एका पायात वालेन्की आहे आणि दुसऱ्यात रबरी जोडा. वस्तूंची यादी तुम्ही आधी वाचली असेल, तर तो का पडतो हे लेखकाने सांगायची गरज उरत नाही.

*पथ्य:* अशी पुस्तकं लागोपाठ वाचू नका. मी एका पावसाळ्यात वेढ्यावरची तीन पुस्तकं सलग वाचली आणि ताटात काही टाकलं की घरच्यांवर खेकसायला लागलो. मध्ये काहीतरी हलकं घ्या.

७. पुस्तकं मिळवायची कशी

एकेकाळी मॉस्कोचं प्रगती प्रकाशन आणि पुढे रादुगा मराठीतही पुस्तकं काढायचं, आणि लोकवाङ्मय गृह, पीपल्स बुक हाऊस यांच्यामार्फत ती खेड्यापाड्यांत पोचायची. १९९१ नंतर तो झरा आटला. आता जुनी मराठी प्रत मिळाली तर भाव न करता घ्या. वाचनालयात 'अनुवादित'च्या कपाटात सगळ्यात खालचा कप्पा बघा, अनुभवाने सांगतो. इंग्रजी जुन्या आवृत्त्या इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेल्या सापडतात.

शोधताना एकच पुस्तक दोन नावांनी शोधा. 'सोत्निकोव' इंग्रजीत 'द ऑर्डील' म्हणून आहे. 'स्टालिनग्राडच्या खंदकांत' ही 'फ्रंट-लाइन स्टालिनग्राड' म्हणूनही निघाली. ग्रोसमनची 'न्याय्य ध्येयासाठी' ही २०१९ च्या इंग्रजी अनुवादात नुसती 'स्टालिनग्राड' आहे. एका पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन बसलेला माणूस मीच.

चित्रपट पुस्तकानंतर बघा. 'पहाटा'चा १९७२ चा, 'सोत्निकोव'वरचा लारिसा शेपित्कोचा १९७७ चा, ज्याला बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळालं. एलेम क्लिमोवचा 'या आणि बघा' १९८५ चा, त्याचा आधार आदामोविचचं लेखन. तो शेवटी ठेवा आणि घरात लहान मूल जागं असताना लावू नका.

८. आता ती जाड कादंबरी काढा

स्टालिनग्राड मराठीला परकं नाही. लढाईच्या सुमारासच अण्णाभाऊ साठ्यांनी तिच्यावर पोवाडा रचला होता. पण ग्रोसमनच्या 'जीवन आणि नियती'कडे, म्हणजे माळ्यावरच्या त्या जाड कादंबरीकडे, जाण्याआधी नेक्रासोव वाचाच. त्याचा नायक केर्झेन्त्सेव सुरुंग पेरणाऱ्या पथकातला लेफ्टनंट, आणि वालेगा हा त्याचा शिपाई कुठूनही काहीतरी शिजवून आणतो. तिथे शहर पायाखालून कळतं: मामायेव टेकडी, वोल्गेचा काठ, रात्री नदीपार होणाऱ्या होड्या. ते डोळ्यांपुढे असलं की ग्रोसमनची गर्दी झेपते.

ग्रोसमन युद्धभर लष्कराच्या 'लाल तारा' दैनिकाचा वार्ताहर होता. कादंबरी त्याने १९६० पर्यंत पुरी केली. फेब्रुवारी १९६१ मध्ये गुप्त पोलीस घरी आले, हस्तलिखितं नेली, टंकलेखन यंत्राच्या फितीसुद्धा नेल्या. तो १९६४ साली गेला. मित्रांनी दडवलेल्या प्रतीवरून पुस्तक १९८० साली स्वित्झर्लंडमध्ये निघालं, मायदेशात १९८८ साली. तुमच्या वहीतली दोन सालं इथे १९४२ आणि १९८८ अशी पडतील. त्या मधल्या शेहेचाळीस वर्षांत बाकीची सगळी पुस्तकं बसतात.

वाचायची युक्ती अशी. शेवटी पात्रांची यादी असते तिथे एक खूण घालून ठेवा. रोज वीस पानं, जास्त नाही. प्रयोगशाळा, जर्मन छावणी, सोव्हिएत छावणी, रणगाड्यांची तुकडी आणि वेढलेलं ६/१ क्रमांकाचं घर, हे पाच धागे पाच रंगांच्या पेन्सिलीने वहीत उतरवा. एखादा धागा कंटाळवाणा वाटला तर उड्या मारू नका, दोनशे पानांनी तोच गळ्याशी येतो.

पहिल्या भागाचं अठरावं प्रकरण मात्र वेगळं काढून ठेवा. ज्यू वस्तीत कोंडलेली आई मुलाला शेवटचं पत्र लिहिते, एवढंच त्यात आहे. ग्रोसमनची स्वतःची आई सप्टेंबर १९४१ मध्ये बेर्दिचेवला मारली गेली होती आणि कादंबरी तिलाच अर्पण आहे. मी ते प्रकरण संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्याने वाचायला घेतलं. ठाण्याला उतरायचं होतं, डोकं वर काढलं तेव्हा बाहेर डोंबिवलीची पाटी होती. तुम्ही रविवारची सकाळ ठेवा.